हार्ड डिस्कवर फोटो ‘टाकले’ म्हणजे बॅकअप झाला का? (लॅपटॉप वापरणाऱ्या नवख्यांसाठी)

माळव्याची_लेक (इंदूर):

नमस्कार मंडळी. आमच्या घरी जे झालं ते तुमच्याकडे होऊ नये म्हणून हा धागा काढते आहे. थोडं लांबेल, पण पूर्ण वाचा.

बाबा ७८ वर्षांचे. रामबागेतल्या घरी रोज सकाळी चहा झाला की दोन तास लॅपटॉपवर लिहीत बसतात. जुन्या इंदूरच्या आठवणी लिहितात. अनंत चतुर्दशीला रात्रभर निघणाऱ्या गिरण्यांच्या झाक्या (सजवलेले चित्ररथ), १९८४ मध्ये जळलेला राजवाडा, हुकुमचंद मिलचा भोंगा आणि १९९१ मध्ये ती मिल बंद झाल्यावर गल्लीत पसरलेली शांतता. अकरा वर्षांचं लिखाण.

मे महिन्याच्या शेवटी एका सकाळी लॅपटॉप सुरूच झाला नाही. आतली एसएसडी, म्हणजे सगळ्या फाइल्स जिच्यावर असतात ती डिस्क, गेली होती. दोन ठिकाणी दाखवली, दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं: डिस्क ओळखलीच जात नाही. बाबांना मी म्हटलं, काळजी करू नका, आपल्याकडे बॅकअप आहे. दिवाळीत मीच हार्ड डिस्क आणून सगळं तिच्यावर टाकलं होतं. कपाटातून डिस्क काढली, जोडली, उघडली. आत फोटो होते. लॅपटॉप भरला होता म्हणून फोटो कट करून मी तिथे हलवले होते. लिखाणाच्या फोल्डरला हात लावला नव्हता, कारण ते ‘छोटं’ होतं, जागा खात नव्हतं.

म्हणजे फोटो फक्त डिस्कवर, लिखाण फक्त लॅपटॉपवर. प्रत्येक गोष्टीची एकच प्रत, आणि मी सात महिने समजत होते की आपल्याकडे बॅकअप आहे. लोकांना मेलवर पाठवलेले काही लेख परत मिळाले, काहींचे प्रिंट निघाले. बाकी गेलं.

म्हणून पहिली गोष्ट. डिस्कवर हलवणं म्हणजे माळ्यावर सामान टाकणं. बॅकअप म्हणजे तीच वस्तू एकाच वेळी दोन जागी असणं. लॅपटॉपवरून पुसून डिस्कवर ठेवलं, तर धोका तेवढाच राहिला, फक्त त्याची जागा बदलली.

आता मी काय करते ते सांगते. डिस्क जोडायची. तिच्यावर तारखेच्या नावाचा फोल्डर करायचा, वर्ष आधी, मग महिना, म्हणजे ते आपोआप क्रमाने लागतात. फाइल एक्सप्लोररमध्ये सी ड्राइव्ह, मग यूजर्स, मग आपल्या नावाचा फोल्डर. त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज, डाउनलोड्स हे पाच असतात. पाचही निवडून कॉपी करायचे, कट नाही. डिस्कवरच्या नव्या फोल्डरमध्ये पेस्ट. झालं की दोन्हीकडे राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडायच्या आणि फाइल्सचा आकडा जुळतो का बघायचा. मग तीन-चार फाइल्स डिस्कवरूनच उघडून बघायच्या. शेवटी खाली घड्याळाजवळच्या चिन्हातून ‘इजेक्ट’ करून मगच केबल काढायची.

डी ड्राइव्हवर काही ठेवत असाल तर ते वेगळं घ्यावं लागतं. आणि एकाच डिस्कचे सी आणि डी असे भाग पाडलेले असतील, तर सी वरून डी वर कॉपी करणं हा बॅकअप नाही. डिस्क गेली की दोन्ही जातात.

जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तर सांगावं.

लोकमान्यनगरकर:

ताई, वाचून वाईट वाटलं. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा, झाक्यांवरचा त्यांचा लेख आमच्या घरी सगळ्यांनी वाचलाय.

मी बँकेतून निवृत्त झालोय, कॉम्प्युटर कामापुरता येतो. माझीही गत तीच आहे हे आत्ता कळलं. नातवंडांचे सगळे फोटो डिस्कवर, लॅपटॉपवर एकही नाही. काही प्रश्न विचारतो. एक टीबीची डिस्क घेतली होती, ती ९३१ जीबीच दाखवते. दुकानदाराने फसवलं का? दुसरं, माझ्या लॅपटॉपला डेस्कटॉपचा फोल्डर दोन ठिकाणी दिसतो, एक ‘वनड्राइव्ह’च्या आत. खरा कोणता? आणि ‘विंडोज बॅकअप’ नावाचं एक ॲप आधीपासूनच आहे, ते दाबलं तर चालेल ना?

जेलरोडवाला:

काका, ९३१ बरोबर आहे, फसवणूक नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या हिशेबाने मोजतात आणि विंडोज १०२४ च्या हिशेबाने. तीच डिस्क, दोन मापं.

फसवणूक वेगळीच असते आणि ती मी दुकानात बसून नेहमी बघतो. ऑनलाइन अगदी स्वस्तात ८ किंवा १६ टीबीची ‘एसएसडी’ मिळते. उघडली तर आत छोटं मेमरी कार्ड आणि खोटा आकडा दाखवणारी चिप. कॉपी होताना सगळं नीट दिसतं, पण खरी जागा भरली की नवा माल जुन्यावर लिहिला जातो. फाइलींची नावं दिसतात, उघडत मात्र नाहीत. भाव ऐकून आश्चर्य वाटलं तर घेऊच नका. इंदुरातल्या सिल्व्हर मॉलला जा, बिल घ्या, वॉरंटीचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा. लॅपटॉपमध्ये जेवढा माल आहे त्याच्या दुप्पट जागेची डिस्क पुरते.

फिरणारी हार्ड डिस्क घ्यायची की एसएसडी, हे लोक रोज विचारतात. प्रवासात न्यायची असेल तर एसएसडी, पडली तरी बहुधा वाचते. कपाटात महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर साधी हार्ड डिस्क बरी. एसएसडीत माहिती विजेच्या भारावर टिकते, फार काळ वीज मिळाली नाही तर तो भार हळूहळू उतरतो. पण हार्ड डिस्क चालू असताना हलवू नका. आत तबकड्या फिरत असतात आणि वाचणारी सुई त्यांच्यापासून काही नॅनोमीटरवर असते. मांडीवर लॅपटॉप आणि गादीवर लोंबणारी डिस्क, असं करू नका. टेबलावर ठेवा. ‘टक टक’ आवाज यायला लागला तर लगेच बंद करा, पुन्हा पुन्हा लावून बघू नका.

माळव्याची_लेक:

काका, तुमच्या वनड्राइव्हच्या प्रश्नावर. वनड्राइव्ह म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची फाइल्स ठेवायची जागा. नवीन लॅपटॉप सुरू करताना बहुतेक वेळा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स वनड्राइव्हच्या आत हलवले जातात. तुम्ही स्क्रीनवर बघता तो डेस्कटॉप बहुधा त्या आतलाच आहे. खात्री करायला डेस्कटॉपवरच्या एका फाइलवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’ वाचा. जिथे ती आहे तिथून कॉपी घ्या.

तिथे फाइलच्या नावाजवळ ढगाचं चिन्ह दिसलं तर ती फाइल लॅपटॉपवर नाहीच, इंटरनेटवर आहे, इथे फक्त तिचं नाव आहे. अशा फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा, हिरवी खूण येईपर्यंत थांबा, मगच डिस्कवर कॉपी करा.

विंडोज बॅकअप हे ॲप वाईट नाही, पण ते तुमच्या डिस्कवर काही ठेवत नाही. ते वनड्राइव्हवर पाठवतं, आणि तिथे फुकट जागा ५ जीबी. नातवंडांचे फोटो त्यात मावणार नाहीत. शिवाय वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह जुळवून ठेवण्याचं काम करतं. इथे चुकून पुसलं तर तिथूनही पुसलं जातं. काही दिवस रिसायकल बिनमध्ये सापडतं, पण तेवढ्या दिवसांत आपल्या लक्षात यायला हवं.

छप्पनवाला_भिया:

मस्त धागा ताई. पण दर महिन्याला हाताने कॉपी कोण करणार? दोनदा कराल, मग विसराल. विंडोजमध्येच ‘फाइल हिस्टरी’ आहे, विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून. विंडोज ११ मध्ये ती सेटिंग्जमध्ये दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं काढून टाकली. स्टार्ट दाबून ‘कंट्रोल पॅनल’ टाइप करा, ‘सिस्टिम अँड सिक्युरिटी’, मग ‘फाइल हिस्टरी’. डिस्क लावलेली असली की ‘टर्न ऑन’. डिस्क जोडलेली असेल तोवर बदललेल्या फाइल्स दर तासाला उचलते.

खरी गंमत तिच्या नावातच आहे. ती जुन्या आवृत्त्या ठेवते. समजा तुमच्या बाबांनी मंगळवारी लेखातला अर्धा भाग चुकून पुसला आणि सेव्ह केलं. साध्या कॉपीत आता तो अर्धाच लेख जाईल. हिस्टरीत सोमवारचा पूर्ण लेख मिळतो.

माळव्याची_लेक:

अगदी खरं, आता आमच्याकडे दोन्ही चालू आहेत. एक लक्षात ठेवा: फाइल हिस्टरी आपणहून फक्त लायब्ररीतले (डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारखे) फोल्डर, डेस्कटॉप, काँटॅक्ट्स आणि फेव्हरिट्स घेते. डी ड्राइव्हवरचा ‘लग्न’ नावाचा फोल्डर ती घेणार नाही. तो हवा असेल तर राइट क्लिक, ‘शो मोअर ऑप्शन्स’, मग ‘इन्क्लूड इन लायब्ररी’.

हाताने कॉपी मी तरीही सोडत नाही. ती कुठल्याही लॅपटॉपवर थेट उघडते, आणि बाबांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. अमावास्येचा दिवस ठरवलाय, कॅलेंडरवर तो छापलेलाच असतो, त्यामुळे बाबाच मला आठवण करतात.

हिशेबनीस_राजवाडा:

माझा विषय टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर. दुकानांचे हिशेब लिहितो. लोक टॅली उघडी ठेवून डेटाचा फोल्डर कॉपी करतात, ते करू नका, अर्धवट फाइल येऊ शकते. टॅली प्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबा, ‘बॅकअप’ निवडा, जागा म्हणून डिस्कवरचा फोल्डर द्या. वर्षातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर ‘रिस्टोअर’ करून ताळेबंद उघडून बघा. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे पुस्तकं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. नोटीस आल्यावर ‘लॅपटॉप गेला’ हे उत्तर चालत नाही.

आणि डिस्क कायम लावून ठेवू नका, हे माझं ठाम मत. फाइल्सना कुलूप लावून पैसे मागणारा व्हायरस आला की जोडलेल्या डिस्कलाही कुलूप लावतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभर जो गोंधळ घातला तो आठवत असेल. बॅकअप झाला की डिस्क काढा.

छप्पनवाला_भिया:

पण काढून ठेवली तर फाइल हिस्टरी दर तासाला कशी चालेल?

हिशेबनीस_राजवाडा:

नाही चालणार. म्हणून मी दोन डिस्क ठेवतो. एक दिवसभर कामाच्या टेबलावर, दुसरी आठवड्यातून एकदा लावायची आणि परत कपाटात. एकच असेल तर जेवायच्या सुट्टीत तासभर लावा. दिवसातून एक आवृत्तीही पुष्कळ झाली.

बडोदेकर:

दुसरी डिस्क त्याच कपाटात ठेवू नका, हे आमच्या अनुभवावरून सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात घराघरात शिरलं. आमचा लॅपटॉप आणि बॅकअपची डिस्क तळमजल्यावरच्या एकाच खणात होती. पाणी चढताना आम्ही आई, औषधं आणि देव वर नेले. खण कोणाला आठवला नाही. दोन्ही तीन दिवस चिखलात होते.

आता एक डिस्क बडोद्यात आणि एक बहिणीकडे पुण्याला. ती दिवाळीला येते तेव्हा अदलाबदल करतो. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी सांगितलेला ३-२-१ चा नेम पुष्कळांना माहीत असेल: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. आम्ही त्यातली घराबाहेरची प्रत ठेवलीच नव्हती.

ग्वाल्हेरची_सून:

दोन्ही गोष्टी पटल्या. पण डिस्क दुसऱ्याच्या घरी ठेवायची तर आत आधार, पॅन, बँकेचे कागद आहेत. कुलूप लावता येतं का? आणि माझ्या नणंदेकडे मॅक आहे, तिला आणि मला एकच डिस्क चालेल का?

जेलरोडवाला:

विंडोजच्या ‘प्रो’ आवृत्तीत ‘बिटलॉकर’ने बाहेरच्या डिस्कला पासवर्ड लावता येतो. ‘होम’ आवृत्तीत लावता येत नाही, दुसऱ्याने लावलेला उघडता मात्र येतो. होम असेल तर नाजूक कागदांचा तेवढा फोल्डर सेव्हन-झिप नावाच्या सॉफ्टवेअरने पासवर्ड लावून ठेवा. पासवर्ड विसरलात तर तो कोणालाच उघडता येणार नाही, मलाही नाही. कागदावर लिहून दागिन्यांच्या डब्यात ठेवा.

इथेच एक महत्त्वाचं सांगतो, सगळ्यांसाठी. विंडोज ११ च्या पुष्कळ नव्या लॅपटॉपमध्ये आतल्या डिस्कला आधीच कुलूप असतं, मालकाला पत्ताच नसतो. मागे एक मुलगी आली, मदरबोर्ड (आतलं मुख्य सर्किट) गेला होता, डिस्क ठणठणीत. दुसऱ्या मशीनला लावली तर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. ती तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात होती, पण त्या खात्याचा पासवर्ड नाही आणि जुना फोन नंबर बंद. माल समोर आणि हात लावता येत नाही. आजच आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ‘रिकव्हरी की’ शोधा आणि वहीत उतरवा.

एक डिस्क दोघींना नको. मॅकचं ‘टाइम मशीन’ हे बॅकअपचं सॉफ्टवेअर नव्या डिस्कला आधी पुसायला सांगतं. ते झाल्यावर ती डिस्क विंडोजला लावली की ‘फॉरमॅट करा’ असं विचारतं. तिथे हो म्हटलं की नणंदेचा सगळा बॅकअप गेला. साध्या फाइल्सची देवघेव करायची असेल तर एक्सफॅट फॉरमॅटची वेगळी डिस्क ठेवा, दोन्हीकडे लिहिता येते. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडतो.

ग्वाल्हेरची_सून:

की वहीत उतरवली. ४८ आकडे दोनदा तपासले. दुसरी डिस्क मागवते.

लोकमान्यनगरकर:

मंडळी, काल दुपारी बसलो. ताईंनी सांगितल्याप्रमाणे कॉपी केली. १८० जीबी. सुरुवातीला चार तास दाखवत होतं, मग दीड, मग परत तीन. घाबरून गेलो होतो. शेवटी संध्याकाळी संपलं. फाइल्सचा आकडा जुळला. मोठ्या उत्साहाने देवासला मुलीकडे घेऊन गेलो, तिच्या लॅपटॉपला लावली. फोटो छान उघडले. पण वडिलांची वंशावळ आणि कुलाचाराची टिपणं उघडली तर सगळी चिन्हं, इंग्रजी अक्षरं, अगम्य. माझ्या लॅपटॉपवर मात्र तीच फाइल मराठीत नीट दिसते. बॅकअप खराब झाला का?

माळव्याची_लेक:

नाही काका, खराब झालेला नाही! बाबांच्या मेलमधून परत आलेल्या लेखांचंही हेच झालं होतं. तुमची टिपणं श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असणार. युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत) यायच्या आधीच्या या फॉन्टमध्ये फाइलच्या पोटात खरं मराठी नसतंच, इंग्रजीच्या जागी बसवलेले आकार असतात. फॉन्ट आहे त्या मशीनवर ‘क’ दिसतो, नाही तिथे भलतंच चिन्ह. इकडे हिंदी टायपिंगवाल्यांचं कृतिदेव असतं, त्याचंही तसंच.

दोन कामं करा. तुमच्या लॅपटॉपवर अशी प्रत्येक फाइल उघडून तिची पीडीएफ करून ठेवा, पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बांधला जातो, कुठेही वाचता येते. आणि त्या सॉफ्टवेअरची सीडी किंवा सेटअपची फाइल घरात असेल तर तीही डिस्कवर ठेवा. पुढे सवड झाली की युनिकोडमध्ये बदलून घेऊ, त्याचे कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात.

देवासला जाऊन उघडून बघितलंत म्हणून हे आज कळलं. तुमचा लॅपटॉप चालू असेतोवरच पीडीएफ करता येणार होत्या.

जेलरोडवाला:

आणि काका, वेळ फार लागला कारण डिस्क जुन्या पोर्टला लावली असेल. यूएसबी २ ला १८० जीबीला दीड तास लागतोच, छोट्या छोट्या फाइल्स असतील तर त्याहून जास्त. लॅपटॉपच्या बाजूला निळ्या पट्टीचं किंवा ‘एसएस’ लिहिलेलं पोर्ट शोधा. तिथे तेच काम अर्ध्या तासाच्या आसपास होतं. वेळेचा आकडा वर-खाली होतो तो अंदाज असतो, त्याने घाबरू नका.

लोकमान्यनगरकर:

४२ फाइल्सच्या पीडीएफ झाल्या. मुलीला मेलवर पाठवल्या, तिने फोनवर उघडून पणजोबांचं नाव वाचून दाखवलं. सीडी सापडली, पण लॅपटॉपला सीडी लावायची जागाच नाही. आणि निळं पोर्ट आहे, पण त्याला लावल्यावर डिस्क दिसते, जाते, पुन्हा दिसते.

जेलरोडवाला:

केबल सैल झाली असेल. डिस्कच्या बाजूचं ते रुंद टोक लवकर ढिलं होतं. बदलून बघा, तोवर त्या पोर्टवर कॉपी करू नका.

माळव्याची_लेक:

काका, आमच्याकडे बाहेरून लावायचा सीडी ड्राइव्ह आहे आणि तशीच एक जादा केबलही. रविवारी संध्याकाळी सीडी आणि डिस्क घेऊन रामबागेत या. बाबा झाक्यांचा लेख पहिल्यापासून पुन्हा लिहायला बसलेत, आणि १९७० च्या आसपास तुमच्या गल्लीतून मिरवणूक कुठल्या वाटेने जायची ते त्यांना तुम्हाला विचारायचंय.